तळ्याकाठची खांबघरे: मुखपृष्ठासाठी एकच ओळ निवडायची आहे, मदत करा

मेतकूट (शनिवार, रात्री १०:४०)

मंडळी, गेले दोन महिने मुक्त ज्ञानकोशासाठी एक लेख लिहीत होते. विषय: आल्प्स पर्वताभोवतीच्या तळ्यांकाठी इ.स.पू. ५००० ते ५०० या काळात वसलेली लाकडी खांबांवरची गावं. युनेस्कोने २०११ साली त्यातल्या १११ जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. स्वित्झर्लंडमध्ये ५६, बाकीच्या इटली, जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात. लेख झाला. आता हत्ती गेला आणि शेपूट राहिलं आहे.

मुखपृष्ठावर 'माहीत आहे का?' अशी चौकट असते, तिच्यात या लेखाची एक ओळ जाणार आहे. नियम सोपे आहेत. ओळ लेखात असली पाहिजे, तिला संदर्भ हवा आणि दोनशे अक्षरांत बसली पाहिजे. चौथा नियम कुठे लिहिलेला नाही, पण खरा तोच: मोबाइलवर सरकणारं बोट त्या ओळीवर थांबलं पाहिजे.

माझ्याकडे पाच ओळी आहेत. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की तळ्यातल्या घरांत राहणारे लोक लहान मुलांच्या पायाला दोरी बांधत, पाण्यात पडू नयेत म्हणून. दुसरी, स्वित्झर्लंडमधलं आर्बोनचं एक गाव जेमतेम १५ वर्षं नांदलं, आणि ती कुठली १५ वर्षं हे आपल्याला सालासकट ठाऊक आहे. तिसरी, स्लोव्हेनियात सापडलेलं पाच हजार वर्षांपूर्वीचं लाकडी चाक. चौथी, भूर्जाच्या सालीपासून केलेल्या डांबराचे दातांचे ठसे उमटलेले गोळे, म्हणजे अश्मयुगातलं च्युइंगगम. पाचवी, स्वित्झर्लंडमधल्याच ट्वान गावचा साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा पाव, जळून कोळसा झाला म्हणून टिकलेला.

कुठली घेऊ? सोमवारी रात्रीपर्यंत द्यायची आहे.

---

डबलडेकर (शनिवार, रात्री १०:५२)

हा काय प्रश्न झाला? पायाला दोरी! आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर कठड्याचे दोन गज तुटले होते तेव्हा आजीने माझ्या धाकट्या भावाला साडीच्या काठाने पलंगाच्या पायाला बांधून ठेवलेला मी पाहिलाय. अडीच हजार वर्षांत आयांच्या डोक्यात काही फरक नाही.

---

रानजाई (शनिवार, रात्री ११:०५)

दोरीला +१. बाकीच्या ओळी 'बरं मग?' प्रकारातल्या आहेत.

---

खडूफळा (शनिवार, रात्री ११:३०)

मेतकूट, अभिनंदन. शिक्षक असल्याने खोड काढल्याशिवाय राहवत नाही, रागावू नका. हेरोडोटसचा तो उतारा मी वर्गात मुलांना सांगत असे, त्यामुळे पाठ आहे. तो आल्प्सबद्दल नाहीच. तो प्रासियास तळ्याबद्दल आहे, म्हणजे ग्रीसच्या उत्तरेला, मॅसेडोनिया-थ्रेसच्या बाजूला. तिथले लोक पिओनियन. इराणचा सेनापती मेगाबाझस त्या मुलखात उतरला, त्याने बाकीच्यांना वाकवलं, पण तळ्यातल्यांना तो जिंकू शकला नाही. हा काळ इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरचा. तुमच्या लेखाचा काळ तोवर संपत आलेला.

उतारा मात्र बहारीचा आहे. तळ्याच्या मधोमध उंच खांबांवर फळ्यांचा माच, किनाऱ्यावरून यायला एकच अरुंद पूल. सुरुवातीला सगळ्या गावाने मिळून खांब रोवले, पुढे नियम झाला की जो लग्न करेल त्याने प्रत्येक बायकोमागे तीन खांब ऑर्बेलस डोंगरावरून आणून रोवायचे. (आणि बायका बऱ्याच असत!) प्रत्येक झोपडीच्या जमिनीला झडप. झडप उघडून रिकामी टोपली दोरीने खाली सोडायची, थोड्या वेळाने मासळीने भरलेली वर ओढायची. घोड्यांना आणि गुरांनासुद्धा चारा म्हणून मासेच.

---

डबलडेकर (शनिवार, रात्री ११:३४)

एका लग्नाला तीन खांब! हुंड्यापेक्षा बरं. आणि शहराचा विकास आराखडा आपोआप तयार.

सर, मग ओळ अशी करू: 'हेरोडोटसच्या मते...' चालेल ना?

---

मेतकूट (शनिवार, रात्री ११:४८)

सर, रागावते कशाला. लेखात हेरोडोटस 'प्राचीन उल्लेख' या भागात आहे, तळ्याचं नावही दिलंय. पण ओळीखालचा दुवा आल्प्सच्या लेखाला जाणार. वाचणारा समजणार की झुरिकच्या तळ्यात पोरं दोरीला बांधलेली होती. ओळ खरी असूनही खोटं सांगेल. हे मला खटकत होतंच, तुम्ही बोट ठेवलंत.

---

सोलकढी (रविवार, सकाळी ७:५५)

मग सरळ मुख्य गोष्टच सांगा ना. 'पाच हजार वर्षांपूर्वी युरोपात लोक तळ्यातल्या पाण्यावर घरं बांधून राहत.' एवढं पुरेसं नवल आहे. आम्हा कोकणातल्या माणसांना तर पटकन दिसेल डोळ्यांपुढे.

---

इष्टिका (रविवार, सकाळी ९:२०)

नको, नको, नको. नेमकी हीच ओळ नको!

मी पुण्यात पुरातत्त्व शिकते, त्यामुळे थोडं लांबण लावते. १८५३-५४ च्या हिवाळ्यात झुरिकच्या तळ्याची पातळी फार खाली गेली होती. ओबरमाइलन गावात लोक उघड्या पडलेल्या काठावर गाळ उपसून जमीन वाढवत होते, तेव्हा खांबांच्या रांगा, शिंगांची हत्यारं, खापरं निघायला लागली. गावचे शाळामास्तर योहानेस एप्ली यांनी झुरिकच्या पुरातत्त्व मंडळाला कळवलं. (खडूफळा सर, तुमच्याच जातीचे!) मंडळाचे फर्डिनांड केलर आले आणि त्यांनी १८५४ मध्ये अहवाल काढला. अहवालाच्या नावातच 'केल्टिक खांबघरे' असं आहे. केल्ट लोक या वस्त्यांनंतर कितीतरी शतकांनी आले. म्हणजे पहिल्याच कागदाच्या मथळ्यात चूक.

दुसरी चूक मोठी. खांब पाण्यात दिसले म्हणून केलरनी ठरवलं की सगळं गाव पाण्यावरच्या एका प्रचंड माचावर उभं असणार. डोळ्यांपुढे न्यू गिनीतल्या पाण्यावरच्या गावांची चित्रं होती, फ्रेंच दर्यावर्दींनी काढलेली. ते चित्र इतकं सुंदर होतं की पुढची ऐंशी-नव्वद वर्षं शाळेच्या पुस्तकांत, कॅलेंडरांवर, मिरवणुकांच्या रथांवर तेच. १८४८ मध्ये नव्याने घडलेल्या स्विस संघराज्याला जर्मन, फ्रेंच, इटालियन बोलणाऱ्या सगळ्यांचे मिळून एक पूर्वज हवेच होते.

१९४० च्या दशकात जर्मन पुरातत्त्वज्ञ ओस्कार पारेट म्हणाला, पाण्यावर काही नव्हतं, ही गावं काठावरच्या सुक्या जमिनीवर होती, तळ्याची पातळी नंतर वाढली. १९५५ मध्ये एमिल फोग्टने स्विस उत्खननांवरून तेच मांडलं. लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. मग १९७० च्या दशकात उत्तर इटलीत फियावे इथे रेनातो पेरिनीने खणलं, तर एकाच ठिकाणी दोन्ही प्रकार! आधीच्या वस्तीत पाण्यात उभे खांब, नंतरच्या वस्तीत दलदलीवर लाकडांची जाळी टाकून तिच्यावर घरं.

आज जे मानतात ते असं: बहुतेक गावं काठावरच्या मऊ, ओल्या जमिनीवर, जिथे वर्षातून कधीतरी पाणी येतं. कुठे घराची जमीन उंच खांबांवर, कुठे ओट्यासारखी बुटकी. म्हणून 'पाण्यावर घरे' असं सरसकट लिहिलंत तर केलरची चूक आपण पावणेदोनशे वर्षांनी मुखपृष्ठावर लावू.

---

सोलकढी (रविवार, सकाळी ९:३१)

बरं बाई, शब्द मागे. पण मग नावाचं काय? 'खांबघर' म्हटलं की मला विजेचा खांब दिसतो. आमच्याकडे मांडवाच्या, गोठ्याच्या उभ्या लाकडाला मेढ म्हणतात. वर दोन फाटे असलेलं, त्यात आडवं बसतं. 'मेढघर' म्हणा.

---

अर्धविराम (रविवार, सकाळी १०:०२)

मेढ हा उत्तम शब्द आहे, मेढेकोटात तोच आहे. पण ज्ञानकोशात आपण शब्द पाडायचे नाहीत, प्रचारात असलेले वापरायचे, असा संकेत आहे. 'खांबांवरची घरे' लिहा, कुणाला विजेचा खांब दिसणार नाही.

शिवाय मेतकूट, तुमच्या मूळ धाग्यात 'जेमतेम १५ वर्षं' लिहिलंय. लेखात मी पाहिलं, गाव इ.स.पू. ३३८४ ते ३३७०. वजाबाकी १४ येते.

---

मेतकूट (रविवार, सकाळी १०:१०)

आलात का! तुमचीच वाट पाहत होते.

३३८४ धरून ३३७० पर्यंत मोजा, सालं १५ होतात. गणपती दीड दिवसाचा कसा होतो तसंच.

---

अर्धविराम (रविवार, सकाळी १०:१३)

मान्य. पण मग 'सुमारे' घाला.

---

वाटाड्या (रविवार, सकाळी ११:४५)

मला एक कळत नाही. साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या गावाचं साल इतकं नेमकं कसं सांगतात? आमच्या गावच्या देवळाचं शतक सांगताना दोन इतिहासकारांची जुंपते.

---

इष्टिका (रविवार, दुपारी १२:३०)

झाडाच्या वलयांवरून. पाऊसपाणी चांगलं तर त्या वर्षीचं वलय जाड, वाईट तर बारीक. एका भागातल्या एका जातीच्या झाडांत जाड-बारीकचा क्रम सारखा असतो. आज तोडलेल्या झाडापासून सुरुवात करायची, मग जुन्या घरांच्या तुळया, मग त्याहून जुनी लाकडं, असे क्रम एकात एक अडकवत मागे जायचं. पत्रिका जुळवतात तसं, फक्त इथे खरंच जुळतं. खांबाला साल शिल्लक असेल तर सालीखालचं शेवटचं वलय म्हणजे झाड तोडल्याचं वर्ष. वलय अर्धवट असेल तर ऋतूसुद्धा सांगता येतो.

आर्बोनला असे शेकडो खांब आहेत, म्हणून पहिलं घर कधी, शेजार कधी वाढला, सगळं वर्षावर्षाने दिसतं. शेवटी गाव जळालं. वर गाळ साचला आणि सगळं बंद डब्यात राहिल्यासारखं राहिलं.

आणि आपल्याकडे हे का नाही, तेही सांगते, कारण मला दर वेळी वाईट वाटतं. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खणलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा, सगळं सापडलं. पण खांब? खांबांची फक्त भोकं. लाकूड केव्हाच माती झालं, मातीच्या रंगातला गोल डाग तेवढा उरला. तळ्याच्या गाळात हवा पोचत नाही, कुजवणारे जिवाणू जगत नाहीत, म्हणून तिकडे दोरा, सफरचंदाच्या फोडी, टोपलीची वीण टिकते. मी एकदा अशा भिजक्या लाकडाचा तुकडा हातात घेतलाय. दिसायला लाकूड, दाबलं तर पनीर. सुकू दिलं तर अक्रोडासारखं आक्रसतं.

---

वाटाड्या (रविवार, दुपारी १२:४१)

पनीर! बास, मी जिंकलो गेलो. १५ वर्षांच्या गावाला माझं मत.

---

हातोडा (रविवार, दुपारी २:१५)

चाक कुणी विसरू नका. जगातलं सर्वांत जुनं चाक! आणखी काय पाहिजे?

---

मेतकूट (रविवार, दुपारी ३:००)

हातोडादादा, 'सर्वांत जुनं' या शब्दाने माझी झोप उडवली आहे. चाक २००२ मध्ये ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत, स्तारे ग्माय्ने इथे मिळालं. सुमारे ५१०० ते ५३५० वर्षांपूर्वीचं. चाक अ‍ॅशच्या लाकडाचं, व्यास ७२ सेंटिमीटर, आस ओकचा, १२४ सेंटिमीटर. नीट शब्द 'आतापर्यंत सापडलेल्या लाकडी चाकांपैकी सर्वांत जुन्यांतलं' असे होतात. पोलंडमध्ये ब्रोनोचित्से इथे एक मडकं मिळालंय, त्याच्यावर गाडीसारखं चित्र आहे आणि ते याच्याही थोडं आधीचं धरतात. म्हणजे चाक आधीही होतं, फक्त लाकूड आपल्या हाती आलेलं नाही. एवढ्या अटी घातल्या की ओळीची हवाच जाते.

दुसरं असं की स्लोव्हेनियातल्या युनेस्कोच्या यादीतल्या दोन्ही जागा इग गावच्या आहेत. चाकाची जागा त्या १११ मध्ये नाही.

---

हातोडा (रविवार, दुपारी ३:४०)

अटी तुमच्या, चाक माझं. आमच्या आजोबांचा सुताराचा धंदा होता, बैलगाड्या करायचे. फोटो पाहिला आणि पहिली नजर भोकावर गेली. भोक चौकोनी आहे! म्हणजे आख (तुमचा आस) चाकात पाचर मारून घट्ट बसवलेला, चाक आणि आख दोन्ही मिळून फिरणार. आपल्या गाडीत आख जागच्या जागी आणि चाक त्याच्यावर फिरतं, म्हणून तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, वंगण घालावं लागतं. त्यांना वंगण वरती, गाडीच्या साट्याखाली घालावं लागत असेल. वळणावर तर दोन्ही चाकं एकाच वेगाने, एक फरपटणार. पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या गाडीवानाची मला दया आली.

आरे नाहीत, धाव नाही, दोन फळ्या आडव्या पट्ट्यांनी जोडून गोल कापलेल्या. पण जोड बघाल तर आजोबांनी पाठ थोपटली असती.

---

खडूफळा (रविवार, दुपारी ४:०५)

हातोडा, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा करण्याच्या लायकीचा आहे.

---

मधमाशी (रविवार, संध्याकाळी ५:३०)

एक ओळ कुणीच सुचवली नाही म्हणून सुचवते. त्याच आर्बोन गावात माणसांच्या विष्ठेत माशांतून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी सापडली आहेत. म्हणजे ते मासे कच्चे किंवा अर्धेकच्चे खात होते. 'सुशी पाच हजार वर्षं जुनी' असं काहीतरी करा. बोट नक्की थांबेल.

---

रानजाई (रविवार, संध्याकाळी ५:३३)

बोट थांबेल आणि जेवणही थांबेल. मुखपृष्ठावर जंत नकोत.

---

झुरिककर (रविवार, रात्री ९:१५)

धागा आत्ता पाहिला. मी नऊ वर्षं झुरिकमध्ये आहे आणि रोज या खांबांवरून चालत जातो हे मला चार वर्षांपूर्वी कळलं.

ऑपेराच्या इमारतीसमोर जमिनीखाली मोठं पार्किंग आहे. ते खोदताना २०१० मध्ये खाली अश्मयुगातल्या वस्त्यांचे थर निघाले आणि त्यात एक अख्खं दार. इ.स.पू. ३०६३ च्या आसपासचं, युरोपातल्या सर्वांत जुन्या दारांपैकी एक. पार्किंगमध्ये एका भिंतीत त्या उत्खननाचं छोटं दालन केलंय. गाडी लावायची, तिकीट घ्यायचं आणि पाच हजार वर्षं बघत जिन्याने वर यायचं.

दाराची उंची १५३ सेंटिमीटर, रुंदी ८८. आई इथे आली होती तेव्हा तिला ही मापं सांगितली. आईची उंची १५२. ती मापं ऐकून म्हणाली, 'म्हणजे मला वाकावं लागलं नसतं.' आणि मग थोड्या वेळाने, 'उंबरठा असेल तर लागलं असतं.'

फळ्या एकमेकींना इतक्या सफाईने अडकवल्यात की सुताराच्या नातवाने येऊन बघाव्यात. हातोडा, निमंत्रण समजा.

ओळ: 'झुरिकमध्ये पार्किंगसाठी खोदताना पाच हजार वर्षांपूर्वीचं लाकडी दार सापडलं.' यात 'सर्वांत' नाही, 'सुमारे' नाही, कुणी वाद घालू शकत नाही.

---

अर्धविराम (रविवार, रात्री ९:२२)

'पाच हजार' हेच 'सुमारे' आहे. पण ओळ चांगली आहे. माझं मत दाराला.

---

डबलडेकर (रविवार, रात्री ९:३०)

दोरी गेली, आता दार. पार्किंग म्हटल्यावर मुंबईकर थांबणारच. +१

---

सांगलीची हळद (रविवार, रात्री १०:४०)

मी इथे कधी लिहीत नाही, फक्त वाचते. चुकलं तर सांभाळून घ्या. मेतकूट ताई, तुमचा लेख आत्ता पूर्ण वाचला. 'शेती आणि आहार' भागात एमर गहू लिहिलाय. एमर म्हणजे आपली खपली ना?

माझ्या सासरी अजून अर्धा एकर खपली असते. दाण्याचं टरफल सुटत नाही, मळणी झाली तरी अंगाला चिकटून. ते काढायला पाणी लावून सडावं (कांडावं) लागतं, सासूबाई उखळात सडायच्या, आता गिरणीत होतं. त्या सडलेल्या गव्हाची गूळ-खोबरं घालून खीर करतो. ते तळ्याकाठचे लोकही मग सडतच असतील ना? त्यांच्याकडे गूळ नव्हता, एवढाच फरक.

---

मेतकूट (रविवार, रात्री १०:५५)

सांगलीची हळद, तुम्ही रोज लिहा हो.

होय, एमर म्हणजे खपलीच. दोन महिने मी 'एमर, एमर' टाइप करतेय आणि माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात खपलीच्या रव्याचा डबा आहे. दोन्ही एकच आहे हे मला माहीत होतं, पण लेखात लिहायचं सुचलं नाही. आत्ता दुरुस्त केलं. त्या यादीत आणखी काय आहे बघते, थांबा.

जवस आहे, तागे विणायला आणि तेलाला. खसखस आहे! अनेक वस्त्यांत खसखशीचे दाणे मिळालेत. सफरचंदं, हेझलच्या बिया. आणि 'त्रापा नाटान्स' नावाची पाणवनस्पती, तिची फळं. हे काय असतं ते मी शोधलंच नव्हतं.

---

इष्टिका (रविवार, रात्री ११:०२)

त्रापा म्हणजे शिंगाडा!!

---

मेतकूट (रविवार, रात्री ११:०३)

काय सांगतेस.

---

इष्टिका (रविवार, रात्री ११:१५)

खरंच. स्विस रोबेनहाउझेनच्या वस्तीत एकोणिसाव्या शतकातच सापडला होता. ओस्वाल्ड हेअर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये या वस्त्यांतल्या झाडापानांवर आख्खा ग्रंथ लिहिला. ल्युब्लियानाच्या दलदलीतही आहे, चाकाच्याच गावात. एक बारीक फरक: युरोपातल्या फळाला चार शिंगं असतात, आपल्याकडच्याला दोन. पण भाऊबंद अगदी सख्खे, काही जण आपल्याकडच्याला त्याच जातीचा प्रकार मानतात.

---

वैनगंगा (सोमवार, सकाळी ६:४०)

शिंगाड्याचं नाव निघालं आणि भंडाऱ्याचा माणूस गप्प बसंल का?

आमच्याकडे मालगुजारी तलाव, मामा तलाव म्हणतो आम्ही. पावसाळ्यात ढिवर लोक वेल लावतात, पानं पाण्यावर पसरतात, फळ पानाखाली पाण्यात. तोडायला डोंग्यात बसून जायचं, नाहीतर ट्यूब फुगवून. वेल हाताने वर उलटायचा आणि फळं तोडायची. शिंगं टोचतात, पाण्यात हात भिजून मऊ झालेले असतात म्हणून जास्तच टोचतात. संध्याकाळी बाजारात उकडलेले हिरवे-काळे ढीग. ज्याने हे काम केलं त्याला त्या तळ्याकाठच्या लोकांबद्दल पुस्तकात वाचायची गरज नाही. दोनाच्या जागी चार शिंगं म्हणजे त्यांचे हात काय झाले असतील बाप्पा.

---

हातोडा (सोमवार, सकाळी ८:१०)

चाक मागे घेतो. शिंगाडा.

---

सोलकढी (सोमवार, सकाळी ८:१४)

शिंगाडा. अश्मयुगातल्या युरोपात उपासाचा फराळ!

---

खडूफळा (सोमवार, सकाळी ९:००)

शिंगाडाच. दार उत्तम होतं, पण ते झुरिकच्या माणसाचं. हे आपल्या डब्यातलं आहे.

---

झुरिककर (सोमवार, दुपारी १:२०)

दाराचा पराभव मान्य. आईला फोन करून सांगितलं, ती म्हणाली 'शिंगाड्याच्या पिठाचं पाकीट पाठवू का?' इथल्या भारतीय दुकानात मिळतं, पण सांगितलं नाही.

---

मेतकूट (सोमवार, रात्री ८:३०)

ओळ अशी केलीय, बघा:

'... की आल्प्सभोवतालच्या तळ्यांकाठी पाच हजार वर्षांपूर्वी राहणारे लोक खपली गहू पेरत आणि चार शिंगांचे शिंगाडे खात?'

'पाण्यावर' कुठेही नाही, इष्टिका. 'सर्वांत' नाही. दोन्ही गोष्टींना लेखात संदर्भ आहे. दार पुढच्या वेळी, झुरिककर, आणि १५ वर्षांचं गाव त्याच्याही पुढच्या वेळी. दोरीसाठी प्रासियास तळ्यावर वेगळा लेख लिहायला हवा, सर, तो तुम्ही लिहाल का?

---

अर्धविराम (सोमवार, रात्री ८:३६)

'पेरत' नंतर 'असत' हवं का, यावर विचार केला. नको. ठीक आहे.

---

खडूफळा (सोमवार, रात्री ८:५०)

लिहितो. डोळ्यांचं ऑपरेशन होऊ द्या, मग.

---

सोलकढी (सोमवार, रात्री ९:०५)

उद्याच लावू नका. आषाढी एकादशीला लावा! अख्खा महाराष्ट्र त्या दिवशी शिंगाडा खात असतो.

---

मेतकूट (सोमवार, रात्री ९:२०)

झकास. तारीख राखून ठेवायची सोय आहे, विचारते. ओळीशेजारी फोटो लागेल, आणि तो आपण स्वतः काढलेला हवा. पिठाच्या पाकिटाचा चालणार नाही, त्यावर कंपनीचं नाव असतं. वैनगंगादादा, ताज्या शिंगाड्याचा एक फोटो द्याल का?

---

वैनगंगा (सोमवार, रात्री ९:४५)

आषाढात कुठला ताजा शिंगाडा ताई? तेव्हा तर वेल लावत असतात. कार्तिकीला या, तेव्हा बाजारात ढीग असतो.

---

मेतकूट (सोमवार, रात्री ९:४८)

मग कार्तिकी एकादशी. ठरलं.

---

वैनगंगा (सोमवार, रात्री ९:५५)

फोटो पक्का. तलावावरूनच काढतो, डोंग्यासकट. पण एक सांगून ठेवतो, तुम्ही ओळीत चार शिंगं लिहिली आहेत. आमच्याकडचा दोनाचाच निघंल.